आडोल्फ फॉन बायर व त्यांचे दोन रंग

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस फिनॉल्फ्थॅलीन हें नांव परकें नाहीं. आम्लाचें माप काढण्याच्या वेळीं शंकुपात्रांत त्याचे दोन थेंब टाकावे, आणि वरच्या नळींतून अल्काचा एक थेंब अधिक पडला, कीं सारें पाणी गुलाबी व्हावें, हा चमत्कार त्यांनीं अनेक वेळां पाहिला असेल. ह्याच द्रव्याचा एक सख्खा भाऊ आहे. त्याचें नांव फ्लुओरेसीन. थोड्या सोड्याच्या पाण्यांत तें विरघळविलें तर पाणी पिंवळें दिसतें; परंतु तेंच पात्र खिडकींतील उन्हांत धरून बाजूनें पाहिलें, तर पाण्याच्या आंतूनच हिरवा उजेड निघत आहे असें वाटतें. गुलाबी भावाच्या अंगीं हा उजेड मुळींच नाहीं. हे दोघे भाऊ एकाच मनुष्यानें, एकाच वर्षीं, म्हणजे १८७१ सालीं, बर्लिन शहरांत जन्मास घातले. त्या मनुष्याचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों. एक भाऊ उजळतो आणि दुसरा उजळत नाहीं तो कां, हेंही सांगूं. मात्र ह्या प्रश्नाचा पुरता उलगडा त्या मनुष्याच्या हयातींत झाला नव्हता, हें वाचकांनीं प्रारंभींच ध्यानांत ठेवावें.

आडोल्फ बायर ह्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८३५ रोजीं बर्लिन येथें झाला. त्यांचे वडील योहान याकोब बायर हे प्रशियाच्या सैन्यांत मोठ्या हुद्द्यावर होते. परंतु त्यांचें नांव राहिलें तें लढायांमुळें नव्हे, तर जमिनीच्या मोजणीमुळें. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे हें ठरविण्यासाठीं युरोपांतील राष्ट्रांनीं एकत्र येऊन मोजणी करावी, ही योजना त्यांनीं पुढें मांडली व तडीस नेली. बापानें पृथ्वीच्या आकाराचा ध्यास घेतला. मुलानें पुढें, डोळ्यांस न दिसणाऱ्या रेणूंच्या आकाराचा घेतला.

मुलगा लहानपणापासूनच खटपट्या होता. बारा वर्षांचा असतांना त्यानें तांबें व सोडियम ह्यांचा एक जोडक्षार तयार केला, आणि तो क्षार तोंवर कोणास ठाऊक नव्हता. त्याच सुमारास, हातीं आलेले दोन थॅलर खर्चून त्यानें निळीचा एक खडा विकत घेतला. वाढदिवसाचे पैसे मिळाले असतां बारा-तेरा वर्षांचा मुलगा ते कशांत खर्च करील ह्याची कल्पना आमच्या वाचकांनींच करावी! त्या काळीं युरोपांतील बाजारांत येणाऱ्या निळीचा फार मोठा भाग बंगाल व बिहार ह्या प्रांतांतून जात असे. त्या निळ्या खड्याचें आणि बिहारांतील शेतकऱ्यांचें नातें पुढें कसें जडलें, तें यथाक्रम येईलच.

बर्लिनच्या विश्वविद्यालयांत बायर ह्यांनीं आरंभीं गणित व पदार्थविज्ञान ह्यांचा अभ्यास केला. मग एक वर्ष सैन्यांत काढून १८५६ सालीं ते हायडेलबर्ग येथें बुन्सेन ह्यांच्या प्रयोगशाळेंत गेले. हे बुन्सेन म्हणजे ज्यांच्या नांवाचा दिवा आपण रोज पेटवितों तेच. परंतु त्यांच्याशीं बायर ह्यांचें फारसें जमलें नाहीं, आणि ते त्याच गांवीं काम करणाऱ्या केकुले नांवाच्या तरुण अध्यापकाकडे गेले. केकुले ह्यांनींच पुढें १८६५ सालीं, बेंझीनचे सहा कार्बन एका वलयांत बसलेले असतात, ही गोष्ट सांगितली. अणु मोजणें पुरेसें नाहीं, ते एकमेकांशीं कसे जोडले आहेत हें पाहिलें पाहिजे, ही दृष्टि बायर ह्यांस मिळाली ती ह्याच गुरूकडून. १८५८ सालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी घेतली, आणि १८६० पासून बर्लिनच्या एका औद्योगिक विद्यालयांत ते शिकवूं लागले. पगार तुटपुंजा, पण प्रयोगशाळा ऐसपैस. बायर ह्यांनीं बारा वर्षें ह्या सौद्यांत समाधान मानलें. १८६८ सालीं आडेलहाइड बेंडेमान ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षीं त्यांचे दोन शिष्य, ग्रेबे व लीबरमान, ह्यांनीं मंजिष्ठाच्या जातीच्या झाडांच्या मुळांतून निघणारा लाल रंग डांबरांतून बनवून दाखविला.

आतां १८७१ सालाकडे वळूं. नॅफ्थॅलीनपासून निघणारें थॅलिक ॲनहायड्राइड नांवाचें एक पांढरें द्रव्य आहे. बायर ह्यांनीं तें निरनिराळ्या फिनॉलवर्गीय द्रव्यांबरोबर तापवून पाहण्याचा क्रम आरंभिला. साध्या फिनॉलबरोबर तापविलें तेव्हां फिनॉल्फ्थॅलीन निघालें. रेसॉर्सिनॉलबरोबर तापविलें तेव्हां जें निघालें, त्याच्या अल्कमिश्रित द्रावणाचा हिरवा झगमगाट पाहून पाहणारे थक्क झाले. आरंभीं त्याचें नांव रेसॉर्सिनफ्थॅलीन असें होतें. चमकेवरून फ्लुओरेसीन हें नांव मागाहून रूढ झालें. असा गुण कांहीं खनिजांत व कोयनेलाच्या पाण्यांत लोकांनीं आधींच पाहिलेला होता. इंग्रज शास्त्रज्ञ स्टोक्स ह्यांनीं १८५२ सालीं फ्लुओरस्पार ह्या खनिजावरून त्यास फ्लुओरेसन्स हें नांव दिलें. मराठींत त्यास प्रतिदीप्ति म्हणतात.

दोहोंची कृति जवळजवळ एकच. मग भेद कशांत? फिनॉलच्या रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी एक, रेसॉर्सिनॉलच्या रेणूंत दोन. एवढाच मूळचा फरक. दोन्ही द्रव्यें बनतांना थॅलिकचा एक कार्बन मधोमध बसतो आणि त्यास दोन बाजूंनीं दोन षट्कोनी वलयें चिकटतात. फिनॉल्फ्थॅलीनमध्यें हीं वलयें त्या मधल्या कार्बनावर, चौकटीच्या बिजागरीवर दाराच्या दोन फळ्या फिराव्या, तशीं फिरूं शकतात. रेसॉर्सिनॉलजवळ मात्र जास्तीच्या जोड्या असतात. त्यांपैकीं दोन एकत्र येतात, पाण्याचा एक रेणु बाहेर पडतो आणि मागें उरलेला ऑक्सिजन दोन्ही वलयांच्या मध्यें अडसरासारखा बसतो. फळ्या जखडल्या, आतां दार हलत नाहीं. दोन वलयें व त्यांच्यामधलें अडसरानें घडलेलें तिसरें वलय मिळून एक सपाट, ताठ फळी होते. थॅलिकचा उरलेला भाग ह्या फळीवर जवळजवळ काटकोनांत उभा असतो. चमकण्याच्या कामांत त्याचा हात फार थोडा. हिशेब मांडून पाहिला तर फिनॉल्फ्थॅलीनमध्यें २० कार्बन, १४ हायड्रोजन व ४ ऑक्सिजन आहेत. फ्लुओरेसीनमध्यें २० कार्बन, १२ हायड्रोजन व ५ ऑक्सिजन. म्हणजे एक ऑक्सिजन अधिक आणि दोन हायड्रोजन उणे!

परंतु दार जखडल्यानें उजेड कां पडावा? प्रकाश शोषला म्हणजे रेणूच्या अंगीं जादा शक्ति येते, आणि ती त्यास फार वेळ बाळगतां येत नाहीं. फ्लुओरेसीनचा रेणु ती सरासरी चार अब्जांश सेकंद जवळ ठेवतो. तेवढ्या अवधींत ती दोन वाटांनीं जाऊं शकते. एक तर ती पुन्हां प्रकाशरूपानें बाहेर पडेल. किंवा रेणूच्या पीळ घेण्यांत, वळण्यांत, हिसके देण्यांत खर्च होऊन भोंवतालच्या पाण्याची उष्णता होईल. फिनॉल्फ्थॅलीनचीं वलयें मोकळीं आहेत. त्याची शक्ति दुसऱ्या वाटेनें पाहतां पाहतां निघून जाते, उजेडाची पाळी येतच नाहीं. त्याचा गुलाबी रंग आपणांस दिसतो तो केवळ त्यानें हिरवा प्रकाश गिळून टाकल्यामुळें. फ्लुओरेसीनची दुसरी वाट अडसरानें बंद केली आहे. म्हणून अल्कांत त्यानें निळ्या प्रकाशाचे शंभर कण शोषले, तर नव्वदांहून अधिक कण तें हिरव्या प्रकाशाच्या रूपानें परत करतें. निळ्याच्या कणापेक्षां हिरव्याच्या कणांत शक्ति थोडी कमी असते. ती तूट उष्णतेंत गेलेली असते.

एवढ्यावरून, ताठ तो उजळणार आणि सैल तो विझणार असा सरसकट नियम बांधणें मात्र धोक्याचें आहे, आणि ह्याची साक्ष फ्लुओरेसीनच्याच घरांत मिळते. बाडिशे रंग-कारखान्यांतील कारो ह्यांनीं फ्लुओरेसीनमध्यें ब्रोमिनचे चार अणु घालून १८७४ च्या सुमारास इओसीन हा सुंदर तांबडा रंग बाजारांत आणला. तांबड्या शाईंत तो पुष्कळ वापरला गेला, आणि शरीराच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं रंगविण्यास तो आजही लागतो. त्याची चौकट तीच, अडसर तोच; तरी त्याची चमक पाण्यांत शंभरांतून विसाच्या आसपास येऊन पडते. ब्रोमिनचे जड अणु त्या शक्तीस तिसऱ्याच वाटेनें वळवितात. आकार हें मोठें कारण खरें, पण एकमेव नव्हे.

१८७२ सालीं बायर स्ट्रासबुर्ग येथील नव्या विश्वविद्यालयांत प्राध्यापक झाले. तेथें एमिल फिशर नांवाच्या तरुणास त्यांनीं ह्याच रंगांवर संशोधन करावयास लाविलें, आणि १८७४ सालीं फिशर ह्यांस त्यावरच डॉक्टरची पदवी मिळाली. ह्या शिष्याची गोष्ट मौजेची आहे. त्यास नोबेल पारितोषिक मिळालें १९०२ सालीं, आणि गुरूस मिळालें १९०५ सालीं! गुरूस त्याचें वैषम्य वाटलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. कारण शिष्य घडविणें हा बायर ह्यांचा दुसरा उद्योगच होता. बुख्नर व विल्श्टेटर हे त्यांच्याच हाताखालून गेलेले आणखी दोन शिष्य नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

१८७५ सालीं लीबिग ह्यांच्या जागेवर बायर म्यूनिकला गेले व अखेरपर्यंत तेथेंच राहिले. दोन वर्षांनीं त्यांच्या रंगानें भूगोलांतील एक जुना वाद मिटविला. दक्षिण जर्मनींत इमेंडिंगेन गांवाजवळ डॅन्यूब नदीचें पाणी पात्रांतील भेगांत शिरून नाहींसें होतें. तेथून सुमारें बारा किलोमीटरांवर आख नांवाचा मोठा झरा आहे. तें नाहींसें झालेलें पाणी ह्याच झऱ्यांत निघतें कीं काय, ह्याविषयीं नदीकाठच्या लोकांत कटकटी चालल्या होत्या. कारण पाण्यावर कोणाचा हक्क हा त्यांच्या गिरण्यांचा प्रश्न होता. १८७७ च्या ऑक्टोबरांत भूगर्भशास्त्रज्ञ क्नोप ह्यांनीं नदींत मीठ व तेल ओतलें आणि त्यांबरोबर फ्लुओरेसीनचा दहा किलो क्षारही सोडला. सुमारें साठ तासांनीं आखचा झरा हिरवा लकाकूं लागला. आखचें पाणी ऱ्हाइन नदीस मिळतें. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेल्या नदीचें पाणी भुयारांतून उत्तर समुद्राकडे जात होतें, हें सिद्ध झालें. दहा किलो रंग एवढ्या प्रवाहांत मिसळूनही डोळ्यांस दिसला, तो त्या ताठ फळीच्या उजेडामुळेंच.

बायर ह्यांच्या कामाची रीत अगदीं साधी होती. मोठमोठीं यंत्रें त्यांस आवडत नसत. परीक्षानळी व कांचेची कांडी एवढ्यावर त्यांचें बहुतेक काम भागे. मात्र रेणूंच्या आकाराचें वेड त्यांच्या डोक्यांतून कधीं गेलें नाहीं. कार्बनचे चार हात एकमेकांशीं १०९ अंश २८ कलांचा कोन करतात, हें १८७४ सालीं व्हान्ट हॉफ व ल बेल ह्यांच्या विचारांतून निघालें होतें. बायर ह्यांनीं १८८५ सालीं त्यापुढचा प्रश्न विचारला: कार्बनांचें वलय केलें म्हणजे ह्या कोनाचें काय होतें? त्रिकोणांत तो ६० अंशांवर, चौकोनांत ९० अंशांवर दाबावा लागतो. म्हणून तीं वलयें ताणलेलीं असतात व सहज फुटतात. पंचकोनांत तो १०८ होतो. ताण जवळजवळ नाहींच. येथवर त्यांचें म्हणणें आजही मान्य आहे. परंतु सारीं वलयें कागदावर काढल्यासारखीं सपाट असतात असें त्यांनीं गृहीत धरलें, आणि षट्कोनावरही ताण असतो असें सांगितलें. झाखसे नांवाच्या तरुणानें १८९० सालीं दाखवून दिलें कीं, सहा कार्बनांचें असें वलय दुमडून खुर्चीसारखें बसूं शकतें व मग ताण उरत नाहीं. त्याचें कोणी ऐकलें नाहीं. १९१८ सालीं मोर ह्यांनीं तीच गोष्ट पुन्हां मांडली तेव्हां लोकांस ती पटूं लागली. तोंवर झाखसेही हयात नव्हता आणि बायरही नव्हते. मोठ्या माणसाच्या चुकीलाही केवढें वजन असतें!

त्याच सुमारच्या एका हिंवाळ्यांत बायर व फिशर हे गुरुशिष्य इटलींतील बोर्डिगेरा येथें एकत्र होते. साखरेच्या रेणूंतील अणु अवकाशांत कसे मांडलेले असतात हें कोडें सोडविण्यासाठीं बायर ह्यांनीं पावाच्या गोळ्या व दांत कोरण्याच्या काड्या घेऊन नमुने जुळविले. पुष्कळ खटपटीनंतर त्यांनीं तो नाद सोडला. पुढें फिशर ह्यांनीं तें कोडें सोडविलें.

लहानपणींचा तो निळीचा खडाही ते विसरले नव्हते. १८६५ पासून सुरू केलेलें काम १८८० सालीं कृत्रिम निळीपर्यंत पोंचलें, आणि १८८३ सालीं तिच्या रेणूची मांडणीही त्यांनीं ठरविली. त्यांची कृति धंद्यास परवडणारी नव्हती. बाडिशे कारखान्यानें हॉयमान ह्यांच्या निराळ्या कृतीनें, प्रचंड पैसा ओतून, १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आणली. थोड्याच वर्षांत हिंदुस्थानच्या निळीचा भाव कोसळला. बिहारांतील चंपारण जिल्ह्यांत निळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांनीं कुळांस विघ्यामागें तीन कठ्ठे जमिनींत नीळ लावण्याची सक्ति केलेली होती. नीळ परवडेनाशी झाली तेव्हां ह्या सक्तींतून सोडवणूक हवी असेल तर सारा वाढवून द्या, नाहींतर रोख रक्कम भरा, असा तगादा त्यांनीं लाविला. युरोपांतील कारखान्यानें मळेवाल्यांस बसविलेला फटका मळेवाल्यांनीं असा कुळांच्या पाठीवर उतरविला. १९१७ च्या एप्रिलांत गांधीजी चंपारणांत गेले. त्याच वर्षीं, २० ऑगस्ट रोजीं, म्यूनिकजवळील श्टार्नबेर्ग येथें बायर वारले. त्यांचें वय ८१ वर्षांचें होतें. १८८५ सालींच त्यांस सरदारकी मिळून नांवामागें फॉन लागलें होतें, आणि १९०५ चें पारितोषिक घेण्यास आजारामुळें त्यांस स्वतः जातां आलें नव्हतें. चंपारणची हकीकत त्यांच्या कानीं कधीं गेली असेल असें दिसत नाहीं. तिचा दोष त्यांच्या माथीं मारणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. परंतु निळीची गोष्ट सांगतांना ती वगळणेंही आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं.

बायर ह्यांच्या मागें त्यांच्या रेणूंचे आकार एकेक करून उलगडत गेले. १९२८ सालीं क्ष-किरणांनीं निळीचा रेणु तपासला, तेव्हां त्यांची मांडणी बरोबर निघाली. फक्त मधल्या दुहेरी जोडाच्या दोन बाजू त्यांनीं ज्या रीतीनें काढल्या होत्या त्याच्या उलट निघाल्या. नीळ चांगली सपाट असूनही जवळजवळ मुळींच चमकत नाहीं. तिच्यांतील नायट्रोजनजवळचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनकडे उडी घेतो व शक्ति त्या वाटेनें निसटते, असें आज मानतात. पुढें १९३९ सालीं कॅलिफोर्नियांतील लुइस व कॅल्विन ह्यांनीं, रेणूचा एकादा सैल भाग यंत्रांतील सैल खिळ्याप्रमाणें शक्ति गिळतो, अशी उपमा देऊन चमकेचा व ताठपणाचा संबंध स्पष्ट केला. ह्याची परीक्षा घेणें सोपें आहे. रेणूस अडसर नसला तरी बाहेरून त्याचे हातपाय बांधून पाहावे. एमिल फिशर ह्यांचे नातलग ओटो फिशर ह्यांनीं १८७७ सालीं काढलेला मॅलॅकाइट ग्रीन हा असाच सैल रंग आहे. तो साध्या पाण्यांत मुळींच उजळत नाहीं. पण ग्लिसरीनसारख्या दाट द्रवांत त्याची चमक वाढते, आणि गोठवून कांचेसारख्या घट्ट केलेल्या द्रवांत तर ती अधिकच वाढते. ऑरामीन हा पिंवळा रंगही त्याच जातीचा. तो पाण्यांत विझलेला असतो; परंतु क्षयाच्या जंतूंच्या मेणचट कवचांत अडकला म्हणजे निळ्या उजेडांत तेजस्वी दिसूं लागतो, आणि थुंकीच्या तपासणींत जंतु ओळखण्यास त्याचा उपयोग होतो. फ्लुओरेसीन स्वतः डोळ्यांच्या वैद्यांकडे गेलें. बुबुळावर ओरखडा उठला असेल तर त्या रंगाची ओली पट्टी टेकवून वैद्य निळा दिवा धरतात; जेथें कातडी सोललेली असते तेथें हिरवी रेघ उमटते. १९६१ पासून तोच रंग दंडांतील शिरेंतून टोंचून डोळ्याच्या आंतील पडद्यावरील रक्तवाहिन्यांचीं चित्रें घेतात, आणि मधुमेहानें कोणती वाहिनी पाझरूं लागली आहे तें त्या चित्रांत हिरवें उमटतें.